बीड अंग चोरतं

माझ्या मायनं आठ वर्षं दोन कुत्रे पुसले.

कुत्रे बिडाचे होते. तवा ज्या ओतीव लोखंडाचा असतो त्या बिडाचे. धरमपेठेतल्या एका वकिलाच्या बंगल्यात, व्हरांड्यावर, दिवाणखान्याच्या दाराच्या दोन्ही बाजूंना ते बसलेले असत. लांब कान, छातीवर कुरळे केस आणि खाली फूटभर लांबीची बैठक. इंग्रज गेले त्या वर्षी सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबानं विलायतेला जाण्याआधी घरसामानाचा लिलाव केला, त्यात वकीलसाहेबांनी हे कुत्रे घेतले. सोबत बिडाचा एक कोंबडा आला, एक डुक्कर आलं, आणि एक असं जनावर आलं की ते काय आहे यावर त्या बंगल्यात कधी एकमत झालं नाही. पाहुणे त्याला मुंगूस म्हणत, बाईसाहेब खार म्हणत. माय म्हणायची, "गोऱ्याच्या देशातली घूस असंन."

कुत्र्यांसाठी वकीलसाहेबांनी खास सागवानी पाट करून घेतले होते. पाटात बैठकीच्या मापाची खाच होती. कुत्रा त्या खाचेत दाबून बसवायचा, मग तो लाथ मारली तरी हलायचा नाही.

बाईसाहेब आल्यागेल्याला सांगत, "शंभर वर्षांची जोडी आहे." शंभर वर्षं कोणी मोजली होती कोणास ठाऊक. पाहुणे वाकून कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवायचे, बोटं पाहायचे, आणि बोटाला काही लागलं नाही की म्हणायचे, घर किती छान ठेवलंय. ते बोट काळं होऊ नये यासाठी माझी माय होती. व्हरांड्यावर पावसाची झड यायची, एका रात्रीत कुत्र्यांच्या पाठीवर तांबूस गंज धरायचा. उन्हाळ्यात धूळ. माय आधी कोरड्या फडक्यानं पुसायची, मग जवसाच्या तेलाचा बोळा फिरवायची. कानाच्या मागे, पायांच्या बोटांत, छातीच्या केसाकेसांत. तिनं त्यांना नावंही ठेवली होती. डावीकडच्याच्या कानाचा टवका उडालेला होता, तो कानफाट्या. उजवीकडचा शहाणा. घरी येऊन ती बाबांना सांगायची, "आज कानफाट्याले लई गंज चढला होता गा." जसं काही घरातल्या म्हशीला ताप आला होता.

आम्ही कोष्टी. आजोबांपर्यंत लुगडी विणायचा धंदा. बाबांच्या हातात माग आला तोवर त्यावर पोट भरेना, तेव्हा त्यांनी माग मोडला आणि एका ढलाईच्या कारखान्यात लागले. मागाचा खड्डा मात्र घरात तसाच राहिला; विणणारा त्यात पाय सोडून बसतो तो. त्यावर फळी टाकली होती आणि फळीवर बसून मी अभ्यास केला. मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले, बी. ए. झाले. आमच्या गल्लीतली पहिली ग्रॅज्युएट मी. पोरींतली नव्हे, सगळ्यांतली. हे मी तेव्हा मिरवलं आणि आताही मिरवते. ज्यांच्या घरात चार पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांना यात मिरवण्यासारखं काय, असं वाटत असेल. त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

पण मी सांगते आहे ती गोष्ट माझ्या शहाणपणाची नाही.

बाबा कारखान्यात साचे भरायचे. दोन लोखंडी चौकटींत काळी ओली रेती ठोकून भरायची, मधे लाकडाचा नमुना दाबायचा, अलगद काढायचा, आणि त्याची जी पोकळी राहते तिच्यात बिडाचा रस ओतायचा. नमुने करणारा एक म्हातारा सुतार होता. बाबांची आणि त्याची रोजची थट्टा चालायची. थट्टा त्याच्या फूटपट्टीवरून असायची. ती त्यानं स्वतः आखली होती आणि बाजारातल्या पट्टीपेक्षा जरा मोठी होती.

बाबा जेवताना सांगायचे, "त्या बुढ्याची पट्टीच बेइमान आहे. आपला फूट संपते अन् त्याचा संपतच नाई."

"मंग त्याले सांगत काहून नाई?" माय विचारायची.

"सांगतलं. तो म्हणते, तू साचा भर, अक्कल नको भरू."

आम्ही हसायचो. मी तर सर्वांत जास्त हसायचे.

मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा पोळा झाला, पोरांचा तान्हा पोळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माय कामावर गेली तर डावीकडचा पाट रिकामा. तिला वाटलं, आत नेला असेल. तिनं शहाण्याला पुसलं आणि झाडायला आत गेली. तिनं विचारलं नाही. त्या घरात काही विचारायची तिला सवयच नव्हती. भिंतीच्या कडेकडेनं, अंग चोरून वावरायची ती. कुणी समोरून आलं की पदर आवरून दाराआड. दुपारी बाईसाहेबांच्या लक्षात आलं.

"सकाळी पुसलेस तेव्हा एक नाही हे दिसलं नाही तुला?"

"दिसलं जी."

"मग बोलली का नाहीस?"

मायनं नुसता पदर आवरला. तेच तिचं उत्तर धरलं गेलं.

"तुझा नवरा ढलाईतच आहे ना?" बाईसाहेबांनी विचारलं. "तिथं लोखंड वितळवतात ना?"

मग त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की दसऱ्यापर्यंत कुत्रा जागेवर येऊ दे. कुठून आला ते त्या विचारणार नाहीत. नाही आला तर साहेब ठाण्यावर जातील. तोवर कामावर रोज यायचं, एक दिवस चुकवायचा नाही.

माय घरी आली आणि हे सगळं तिनं हातपाय धुता धुता सांगितलं. रडली नाही. मी फळीवर बसले होते. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही एक ओता ना तसाच."

माय थांबली. "अन् मंग?"

"मग काय? त्यांना कुत्रा पाहिजे, कुत्रा देऊ. मिटलं."

"मिटलं कसं वं? मी घेतलाच नाई त आणून काहून देऊ? आणून देल्ला का घेतला होता, असंच होते."

मी तिला समजावू लागले. कॉलेजात वादविवादाच्या सभेत बोलायचे तसं मुद्दे मांडले. ठाण्यावर नाव गेलं तर काय होतं, झडती कशी होते, गल्लीत काय बोलतात. बाईसाहेब स्वतःच म्हणाल्या आहेत ना, विचारणार नाही म्हणून? मग?

"तुला समजत नाही आहे माय," असं मी तिला म्हटलं. मला हे वाक्य अक्षरशः आठवतं.

बाबा तंबाखू मळत होते. म्हणाले, "उरलेला हाती आला त होईन. नमुन्याबगर साचा कसा भरू?"

"त्याले हात लावाचा नाई," माय म्हणाली. "कोणीच लावाचा नाई." आणि ती शेजारणीच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसली. चरखा एवढा जोरात फिरवला की सूत दोनदा तुटलं.

ती बोलली ते बाबांनी मानलं. मी मानलं नाही.

नवरात्रात अष्टमीच्या पूजेला वकिलाचं घर तीन दिवस पारशिवनीला जायचं, तिथं त्यांची शेती होती. एरवी त्या दिवसांत माय बंगल्यावर झाडझूड करायला जायची. या वर्षी बाईसाहेबांनी तिला सांगितलं, आम्ही नसताना येऊ नकोस. ती घरीच होती. मी कॉलेजला जाते म्हणून निघाले आणि धरमपेठेत गेले.

बंगल्यावर फक्त म्हातारा माळी होता. दसऱ्याच्या आधी कुत्र्यांना काळं करायला दर वर्षी माय त्यांना बाबांकडे आणायची. घरातलं सगळं लोखंड तेव्हा घासून-पुसून निघतं. त्यामुळे मी पोतं घेऊन आले याचं त्याला नवल वाटलं नाही.

"एकच नेतं का?" त्यानं विचारलं.

"एकच उरला ना."

"हाव," तो म्हणाला. "तुयी माय काई चोर नाई वं. मले मालूम आहे."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो झाडांना पाणी घालायला लागला. त्याला काय मालूम आहे ते मी त्या दिवशी विचारलं नाही. मला घाई होती.

शहाणा खाचेतून निघेना. खुरप्यानं उचकटावा लागला. पोत्यात घालून सायकलरिक्षात पायांशी ठेवला आणि सीताबर्डीवरून जाताना माझ्या मनात आलं की या सगळ्या प्रकरणात चोरी झालीच असेल तर ती ही, आणि ती मी करते आहे. आलं आणि गेलं.

कारखान्यात बाबा मला पाहून आधी घाबरले. मग त्यांनी पोत्यात हात घालून शहाण्याच्या पाठीवरून फिरवला आणि त्यांचा चेहरा बदलला. मिस्त्रीच्या पाया पडून त्यांनी दिवसाच्या शेवटी उरणारा रस मागून घेतला. सुतार नेमका सणासाठी गावी गेला होता. पहिला कुत्रा निघाला तो अर्ध्या तोंडाचा, रस पोचलाच नव्हता. तो फोडून पुन्हा भट्टीत टाकला. दुसरा दुसऱ्या दिवशी साचा फोडून काढला तेव्हा मी दाराशी उभी होते. बाबांनी रेती झटकली, कानशीनं कडा घासल्या. मग डाव्या कानाचा टवका उडवला, अगदी माय सांगायची तेवढाच. जवसाचं तेल आणि काजळी चोळली. दोघे शेजारी शेजारी ठेवले.

"पाह्य," ते म्हणाले. "एक साहेबाच्या मुलखातल्या कारागिरानं केला, एक म्या केला. सांग कोणता कोणाचा."

मला सांगता येईना. माग मोडल्यापासून बाबांना असं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, ते लोक परतायच्या आधी, मी दोन्ही कुत्रे नेऊन ठेवले. माळी एवढंच म्हणाला, "बरं झालं बाई, मिटलं." शहाण्याला खाचेत बसवायला दोन्ही हातांनी दाबावं लागलं. नवा मात्र ठेवल्याबरोबर बसला. मला वाटलं, नवा आहे, गुळगुळीत आहे.

मायला मी काही सांगितलं नाही. दसऱ्याच्या सकाळी ती नेहमीसारखी कामावर गेली. पुढचं मला तिच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं, आणि काही तुकडे कळलेच नाहीत.

बाईसाहेब व्हरांड्यावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "बघ. आला की नाही?"

मायनं पाहिलं. "मी नाई आणला जी."

"बरं. तू नाही आणलास. चालत आला."

पाहुणे होते, ते हसले. मग तिला पुसायला सांगितलं. तिनं तेलाचा बोळा घेतला, डावीकडच्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हलला. खट् असा आवाज झाला. आठ वर्षांत तो कुत्रा कधी हलला नव्हता. तिनं दुसऱ्या हातानं त्याला घट्ट धरून ठेवलं आणि पुसत राहिली. पण वकीलसाहेब तिथूनच जात होते, त्यांनी तो आवाज ऐकला होता. त्यांनी चपलेच्या टोकानं ढकलून पाहिलं. खट् खट्. मग आतून पट्टी आणवली. दोन्ही कुत्र्यांच्या बैठका मोजल्या.

"एक सूत लहान आहे," ते म्हणाले.

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे सुताराचं सूत, आमचं नव्हे.

"अस्सल विकला आणि नवऱ्याकडून नक्कल करवून आणून ठेवली. डोकं आहे." असं म्हणून ते पुढे म्हणाले, "तुझी मुलगी शिकते आहे, तिच्याकडे पाहून मी ठाण्यावर जात नाही. पण या फाटकात पुन्हा पाय ठेवायचा नाही."

माझ्याकडे पाहून. हे उपकार माझ्या नावावर झाले.

माय भर सकाळी घरी परत आली. गल्लीत बायका दारात रांगोळ्या काढत होत्या, त्यांनी विचारलं, आज लवकर? ती आत आली आणि बाबांकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं. तिनं कसं ओळखलं ते मला माहीत नाही.

"तू बी. ए. होऊन राहिली ना," ती म्हणाली. "मंग मले एवढं सांग. आता कोण म्हणन का म्या घेतला नव्हता?"

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले, तेव्हा तिनं आपट्याची पानं घेतली, दिली, पाया पडली. सगळं केलं.

मी मात्र त्याच संध्याकाळी बंगल्यावर गेले. मी सरळ बोलणारी बाई आहे, तेव्हाही होते. मला वाटत होतं की खरं नीट सांगितलं की माणसं ऐकतात. बाईसाहेबांना सगळं सांगितलं. कुत्रा मी नेला, मी करवून घेतला, मी ठेवला. मायला यातलं काही माहीत नव्हतं. मूळचा कुठे गेला ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आईसाठी बोलते आहेस ते समजतं मला. पण शिकलेली मुलगी ना तू? इतकं खोटं शोभत नाही."

"माळीबुवांना विचारा," मी म्हटलं.

त्यांनी माळ्याला हाक मारली. तो आला, पायांकडे पाहत उभा राहिला. "मले काई मालूम नाई बाईसाहेब," तो म्हणाला. "मी मागल्या अंगाले होतो."

सुतार सणाहून परत आला तेव्हा त्याला हे कळलं. त्यानं कपाळावर हात मारला. बाबांनी घरी येऊन त्याचे शब्द सांगितले: "अरे गाढवा, बीड थंडं होतांनी आंग चोरते. फुटाले एक सूत चोरते. म्हणूनच त माही पट्टी मोठी आहे. नमुनाच मोठा कराव लागते."

मी ते ऐकलं आणि मला मॅट्रिकचा शास्त्राचा पेपर आठवला. रेल्वेच्या रुळांमध्ये फट का ठेवतात? धातू उष्णतेनं प्रसरण पावतात व थंड झाल्यावर आकुंचन पावतात, म्हणून. पुरते गुण मिळाले होते. पाठ करून लिहिलेलं ते वाक्य मी बाबांच्या साच्याला कधी लावून पाहिलं नाही. रूळ रेल्वेचे होते, आणि बाबा तर माझे बाबा होते. पुस्तकातलं काही आपल्या घरात लागू होतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

कारखान्याच्या मालकाला वकीलसाहेबांनी चिठ्ठी पाठवली. बाबांना काढलं नाही. मिस्त्रीनं शब्द टाकला. पण साच्यावरून हलवलं आणि भंगार फोडायला घातलं. जुनं बीड, मोडक्या चुली, फुटकी चाकं, दिवसभर घणानं फोडायची. बीड वाकत नाही, त्याचे तुकडे उडतात. बाबांच्या भुवईवर त्याची एक खूण शेवटपर्यंत होती.

मायला धरमपेठेत पुन्हा काम मिळालं नाही. ती घरी बसून लोकांच्या कांड्या भरायला लागली. गल्लीत तिला नवं नाव पडलं, कुत्रेवाली. तोंडावर कोणी म्हणायचं नाही. नळावर तिचा नंबर आला की दोघी-तिघी उगाच आपापल्या बादल्या मोजायच्या. एकदा शेजारणीकडची पितळी वाटी सापडेना. शेजारीण दारात येऊन उभी राहिली. घरभर नजर फिरवून गेली. वाटी तिच्याच घरी चुलीमागे निघाली. त्या दिवसापासून मायनं कोणाच्याच घरात पाय ठेवला नाही. सूत घ्यायला गेली तरी उंबऱ्याबाहेर उभी. आधी ती त्या बंगल्यात अंग चोरायची, आता गल्लीतही चोरायला लागली. दिसायलाही लहान झाली.

मी पास झाले. पदवीदानाला काळा झगा घालून उभी राहणार होते, तिला म्हटलं चल. ती म्हणाली, "तिथं वकील लोक असतीन." बाबा आले. झग्याच्या कापडाला हात लावून म्हणाले, मिलचं आहे.

दुसऱ्या हिवाळ्यात मायला ताप आला. छातीत कफ झाला, मेयो इस्पितळात नेलं. वॉर्डातली आया तिच्या खाटेशेजारी कोणाचं तरी घड्याळ ठेवून गेली, तर मायनं मला हाक मारली. "हे इथून उचलाले सांग वं." तापात, डोळे मिटलेले. मी घड्याळ उचलून आयाच्या हातात दिलं, तेव्हा ती झोपली. तिसऱ्या दिवशी गेली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी तो म्हातारा माळी आमच्या दारात उभा राहिला. डोक्याला ओला दुपट्टा, खांद्यावर पोतं. मी तेव्हा शाळेत नोकरीला लागले होते. त्यानं पोतं खाली ठेवलं. आतून खण्ण आवाज झाला.

"बाईसाहेबानं देल्ला," तो म्हणाला. "म्हणे, त्याईचा त्याईले देऊन ये."

पोत्यात बाबांनी केलेला कुत्रा होता.

"काहून?" बाबांनी विचारलं.

"विहीर उपसली गा. पाणी तळाले गेलं होतं, गाळ काढाले माणसं लावले. गाळात निघाला. कानफाट्या."

माळी उंबऱ्यावर टेकला. पाणी मागितलं, प्याला. मग आपणहून सांगायला लागला. तान्ह्या पोळ्याला बाईसाहेबांचे दोन भाचे आले होते, पुण्याकडचे. धरमपेठेतली पोरं लाकडाचे नंदी सजवून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत घरोघर फिरत होती. या दोघांजवळ नंदी नव्हता. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, आज आपापलं जनावर सजवून फिरवायचं असतं. त्यांनी कानफाट्याला खाचेतून उचकटून चाकाच्या फळीवर बसवला, गळ्यात माळ घातली, दोर बांधला.

"बैलाले आधी पाणी पाजते ना," माळी म्हणाला. "हे त्याले पाणी पाजाले विहिरीवर घेऊन गेले."

"तुम्ही पाहिलं?"

"जातांनी पाह्यलं. पडतांनी नाई. मले वाटलं, आणून ठेवला असंन. मंग बोंब झाली, अन् मी भेलो. भाच्याचं नाव कसं घेऊ? चाळीस वर्सं झाले त्या फाटकात."

बाबा उठले. मला वाटलं, त्याच्यावर हात टाकतील. त्यांनी पोत्यातून कुत्रा काढला, मागाच्या खड्ड्यावरची फळी सरकवली, तो खाली ठेवला आणि फळी पुन्हा लावली.

मी दुसऱ्या दिवशी बंगल्यावर गेले. दारात जोडी बसली होती. कानफाट्याच्या अंगावर गाळाचे डाग होते, पण खाचेत घट्ट होता. मी हात लावून पाहिला. हलला नाही.

"मुलं होती," बाईसाहेब म्हणाल्या. "खेळता खेळता पडला."

"आणि माझी माय?"

त्यांनी बसायला सांगितलं, मी बसले नाही. त्या म्हणाल्या, "वाईट वाटतं गं. पण ती आता नाही. सांगायचं तरी कोणाला?"

"आमच्या गल्लीत चला. नळावर उभ्या राहून सांगा की तिनं घेतला नव्हता. एवढंच."

"मी? तिकडे?" त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. त्यांना ते खरंच कळलं नव्हतं. मग त्या आत गेल्या आणि बिडाचा कोंबडा घेऊन आल्या. "हा घेऊन जा. लहानपणी आईबरोबर यायचीस तेव्हा तुला आवडायचा."

मी तो घेतला नाही. नमस्कारही केला नाही. वकीलसाहेब आत असावेत, त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. बाहेर आले नाहीत.

मग मीच नळावर गेले. सकाळी, सगळ्या बायका असतात तेव्हा. विहीर, भाचे, गाळ, सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, शाळेत सांगते तसं. बादल्या भरत राहिल्या. शेवटी वाटीवाली शेजारीण म्हणाली, "हाव बाई. तू म्हणतं त खरंच असंन. शिकलेली आहेस." आणि तिनं बादली उचलली. चार दिवसांनी एक नवी सून मला पाहून कोणाला तरी विचारत होती, हीच का कुत्रेवालीची पोरगी?

बाबा गेल्यावर मी ते घर सोडलं. मी आता प्रताप नगरात राहते. कुत्रा सोबत आणला. दाराशी फरशीवर ठेवला आहे, पाट केलेला नाही. मी स्वतः पुसते, जवसाच्या तेलानं. हल्ली लोकांना असल्या जुन्या वस्तू घरात ठेवायची हौस आली आहे. आलेला माणूस वाकतो, डोक्यावरून हात फिरवतो आणि विचारतो, विलायती का हो? किती जुना असेल? आणि याची जोडी असते ना?

मी म्हणते, विलायती नाही. माझ्या बाबांनी केलेला आहे, एक सूत लहान आहे.

कशापेक्षा, ते कोणी विचारत नाही.